वाफ्यावरचे आच्छादन : किती घालावे, कसे घालावे

माघ-फाल्गुनाच्या दिवसांत बेळगावच्या एखाद्या जुन्या वस्तीतून सकाळी फेरफटका मारला, तर आवाराआवारांतून धूर निघताना दिसतो. आंब्या-फणसाखालचा पाला झाडून त्याचा ढीग करावयाचा आणि काडी लावून मोकळे व्हावयाचे, हा आपला वर्षानुवर्षांचा परिपाठ. त्याच अंगणातील वांगी-मिरच्या दुपारी माना टाकतात, आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसू लागला म्हणजे बागेला पाणी पुरत नाही अशी आपलीच तक्रार असते. जे पाणी राखावयाचे साधन, तेच आपण सकाळी जाळून टाकलेले असते.

उघड्या जमिनीवर ऊन पडले की वरचा थर तापतो, खालची ओल हळूहळू वर येते आणि वाऱ्याबरोबर उडून जाते. पुढे वळीव कोसळतो. त्याचे टपोरे थेंब माती ठेचून काढतात आणि ती वाळली की वर पापुद्रा धरतो; मग पुढचे पाणी आत न मुरता वाहून जाते. पाल्याचा थर ऊन आणि थेंब या दोहोंच्या आड येतो. शिवाय पुष्कळशा तणांच्या बारीक बियांना उगवण्यास उजेड लागतो, तो त्यांस मिळत नाही. या थरालाच आच्छादन म्हणतात. ‘मल्चिंग’ हा शब्दही आता शेतकऱ्यांच्या तोंडी रुळला आहे.

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते, आणि तरीही शाळेच्या बागेत पहिल्या वर्षी माझी फजिती झाली. उसाचे पाचट आणि झाडलेला पाला मिळून मोठा ढीग जमला होता. मुलांना म्हटले, पसरा. मुलांनी उत्साहाने पुढच्या वाफ्यांपासून सुरुवात केली. तेथे गुडघाभर थर झाला, आणि शेवटच्या दोन वाफ्यांच्या वाट्याला बोटभरही उरला नाही. पुढच्या वाफ्यातील पपयांच्या बुंध्याशी ओला पाला रचला गेला होता. महिन्याभरात त्यांची साल मातीलगत मऊ पडून कुजली आणि चांगली कमरेइतकी झालेली तीन रोपे आडवी झाली. गणित शिकविणाऱ्या माणसाने मोजमाप न करता काम काढले, याची मला अजून शरम वाटते.

वास्तविक हिशेब चौथीच्या मुलाला येण्याजोगा आहे. भाजीच्या वाफ्यावर थर बसल्यानंतर तो दोन ते तीन इंच असावा. तीन इंच म्हणजे पाव फूट. म्हणून चार चौरस फूट जागेला एक घनफूट सामान लागते. बारा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफा अठ्ठेचाळीस चौरस फुटांचा. त्यास बारा घनफूट हवे. एका घनफुटात सुमारे २८ लिटर मावतात, म्हणजे वीस लिटरच्या सतरा बादल्या झाल्या. झाडाभोवतीचे आळे चार फूट व्यासाचे असेल, तर ते साधारण साडेबारा चौरस फूट भरते. त्यास तीन घनफुटांहून किंचित अधिक, म्हणजे साडेचार बादल्या पुरतात.

परंतु येथेच पुष्कळांची फसगत होते. कोरडा पाला फुगलेला असतो. पाणी पडले की तो खाली बसतो. म्हणून आधी एक बादली पाल्याने काठोकाठ भरावी, त्यावर पाणी शिंपडावे आणि हाताने दाबावे. पाला निम्म्यावर आला, तर सतरा बादल्यांच्या चौतीस कराव्या; तिसऱ्या हिश्श्यावर आला, तर एकावन्न. भाताचे तूस फारसे दबत नाही, तेव्हा त्यास ही वाढ लागत नाही. मात्र ते वाऱ्याने उडते, म्हणून वरून थोडा पाला पसरावा.

पाचट लांबच्या लांब न घालता कोयत्याने वीतभर तुकडे करून घालावे. ताजे कापलेले गवत एकदम जाड थरात घातले तर ते तापते आणि चिकट होऊन कुजते. ते वाळवूनच घ्यावे. लाकडाचा भुसा मातीत मिसळू नये, कारण तो कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो आणि रोपे पिवळी पडतात. फुलावर आलेले काँग्रेस गवत तर वाफ्याजवळही आणू नये. त्याचे बी आपणच पेरल्यासारखे होईल.

आच्छादन घालण्यापूर्वी तण काढून वाफा भरपूर भिजवावा. कोरड्या मातीवर थर घातला, तर वरवर शिंपडलेले पाणी पाल्यातच अडकते आणि मुळे तहानलेली राहतात. बी पेरलेल्या वाफ्यावर घाई करू नये. रोपे वीतभर झाल्यावर दोन ओळींमधून पाला सरकवावा. बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. थर इंचपट्टी रोवून दोन-चार ठिकाणी मोजावा. आमच्या शाळेत हे काम आता मुलेच करतात, आणि माझ्याहून काटेकोरपणे.

पाणी केव्हा द्यावे, हे मात्र थराकडे पाहून ठरवू नये. पाला बाजूला सारून मातीत दोन पेरे बोट घालावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पूर्वी आम्ही दिवसाआड बादल्या वाहत होतो, आता उन्हाळ्यातही मध्ये तीन-चार दिवस जातात.

वाळवी दिसल्यास तेवढा पाला उचलून उन्हात पसरावा. मृगाच्या पावसानंतर थर पातळ करणे इष्ट, नाहीतर खाली गोगलगायी आश्रय घेतात. उरलेला, अर्धवट कुजलेला पाला मातीतच राहू द्यावा आणि काढलेला पोत्यात भरून ठेवावा. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, माती अद्याप ओली असतानाच तो पुन्हा कामास येतो.