पुसून टाकलेला डॉक्टर

२९ ऑक्टोबर १९६६, शनिवारची संध्याकाळ. ब्रिटनमधल्या घराघरांतल्या कृष्णधवल पडद्यांवर एक म्हातारा जमिनीवर कोसळला. त्याच्या चेहऱ्यावर प्रखर प्रकाश पसरला आणि तो ओसरला तेव्हा तिथे दुसऱ्याच, त्याच्याहून तरुण माणसाचा चेहरा होता. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेतला हा प्रसंग. मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देत नव्हती आणि मालिका तर चालू ठेवायची होती. तेव्हा कर्त्यांनी तोड काढली : नायक परग्रहावरचा आहे, म्हणून शरीर थकले की तो नवे शरीर धारण करतो. पॅट्रिक ट्रॉटन हे दुसरे ‘डॉक्टर’ झाले. या एका युक्तीने मालिका नटाच्या वयातून सुटली आणि पुढे अनेक नट बदलूनही ती डॉक्टरचीच राहिली.

ज्या भागात हे घडले, तो ‘द टेन्थ प्लॅनेट’ या कथेचा चौथा भाग. दूरचित्रवाणीच्या इतिहासातला हा महत्त्वाचा टप्पा, पण तो भाग बीबीसीच्या संग्रहात नाही. कोणी चोरला नाही की आगीत जळाला नाही. बीबीसीनेच तो घालवला. १९६३ ते १९६९ या काळात या मालिकेचे २५३ कृष्णधवल भाग झाले. त्यांच्या मूळ व्हिडिओ टेपपैकी एकही उरली नाही. आज जे भाग पाहायला मिळतात ते फिल्मवरच्या प्रतींमुळे, आणि २०१३ सालच्या मोठ्या शोधानंतरही ९७ भाग बेपत्ताच राहिले होते.

हे ऐकले की आपण चटकन म्हणतो, ‘काय हा बेफिकीरपणा!’ मीही तसेच म्हणत असे. जसजसा या प्रकरणात खोल गेलो तसतसे लक्षात आले की बेफिकिरी हा शब्द इथे अपुरा आहे. प्रत्येक निर्णयामागे त्या त्या टेबलावर पटेल असे कारण होते.

पहिले कारण टेपचे. दोन इंच रुंदीची ही टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. अभियंत्यांच्या लेखी ती पाटीसारखी होती. धडा झाला की पुसायची. दुसरे कारण कराराचे. नटांच्या आणि वादकांच्या संघटनांना भीती होती, की जुनेच कार्यक्रम पुनःपुन्हा दाखवले तर नवे काम कोण देणार? म्हणून पुनःप्रक्षेपणावर संख्येची आणि मुदतीची बंधने होती. मुदत संपली की टेप हाताशी असूनही ती दाखवायला नव्याने परवानगी आणि पैसे लागत. तिसरे कारण रंगाचे. १९६९ च्या नोव्हेंबरात बीबीसीची मुख्य वाहिनी रंगीत झाली आणि कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक राहिले नाही. घरी कॅसेट लावून मालिका पाहणे ही कल्पनाच तेव्हा जन्मायची होती.

यात भर पडली कार्यालयीन गैरसमजाची. परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी बीबीसीचा व्यापारी विभाग, बीबीसी एंटरप्रायझेस, १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढत असे. त्यासाठी खास पडद्यावर टेप चालवून समोरच्या फिल्म कॅमेऱ्याने ती टिपली जाई. त्यामुळे टेप पुसणाऱ्यांना वाटे, फिल्म तर आहे. फिल्म टाकून देणाऱ्यांना वाटे, मूळ टेप तर असेलच. फिल्म ग्रंथालय मुख्यतः फिल्मवर चित्रित झालेले कार्यक्रम सांभाळी. ‘सगळे जपा’ ही जबाबदारी कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हती. विक्रीचे हक्क संपले तशा १९७२ ते १९७८ या काळात या फिल्मही मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. १९७८ साली सू माल्डन यांची कार्यक्रम जपण्यासाठी निवड करणाऱ्या पहिल्या अधिकारी म्हणून नेमणूक झाली. त्याच सुमारास इयन लेव्हिन हा मालिकेचा चाहता फिल्म विकत घ्यायला बीबीसीत पोचला, तेव्हा डॅलेक या यंत्रदेही शत्रूंच्या पहिल्या कथेचे सातही भाग नष्ट करायला बाजूला काढलेले होते. ते वाचले.

आता उलटा प्रश्न. जे वाचले ते कोणामुळे? याचे उत्तर मला सगळ्यांत रोचक वाटते. बहुतेक वेळा ज्यांचे ते काम नव्हते त्यांच्यामुळे, किंवा ज्यांनी आपले काम चोख केले नाही त्यांच्यामुळे.

परदेशी विकलेल्या फिल्मची एकच प्रत अनेक देश फिरे. एका वाहिनीने दाखवून झाली की ती पुढच्या देशात पाठवायची. शेवटच्याने ती परत करायची किंवा नष्ट करायची. जिथे हा नियम पाळला गेला तिथे काही उरले नाही. जिथे डबे कोठारात तसेच पडून राहिले तिथे खजिना निघाला. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही चार भागांची अख्खी कथा १९९२ मध्ये हाँगकाँगहून परत आली. १९८३ मध्ये लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात दोन भाग सापडले. २०१३ मध्ये फिलिप मॉरिस यांनी नायजेरियातल्या जोस शहरातील दूरचित्रवाणी केंद्राच्या कोठारातून शोधलेल्या फिल्मची घोषणा झाली. त्यांत ९ हरवलेले भाग होते.

सेन्सॉरचा किस्सा तर नमुनेदार आहे. ऑस्ट्रेलियात लहान मुलांना भीतिदायक वाटतील अशी दृश्ये कापून मगच भाग दाखवले जात. पुढे ते भाग गेले, पण कापलेले तुकडे सरकारी दप्तरात नीट राहिले. १९९६ मध्ये ते उजेडात आले. म्हणजे काही भागांतले प्रेक्षकांना दाखवायला नको ठरलेले तेवढेच आज पाहता येते!

आवाजाची कथा वेगळी आहे. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे आणि तो बीबीसीने जपलेला नाही. साठच्या दशकात काही शाळकरी मुले टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून, घरच्यांना गप्प बसवून भाग ध्वनिमुद्रित करत. कोणी तर टेपरेकॉर्डरची तार थेट टीव्ही संचाला जोडली होती. भाग पुन्हा दिसणार नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून निदान ऐकता तरी यावा एवढाच हेतू. आज हरवलेल्या भागांवर ॲनिमेशन होते ते याच ध्वनिफितींच्या आधारावर.

चित्रांच्या बाजूने असेच काम जॉन क्युरा या छायाचित्रकाराने केले. प्रक्षेपण चालू असताना तो टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढी आणि नटांना, दिग्दर्शकांना विके. आपण काम केल्याचा दुसरा पुरावाच त्यांच्याकडे नसे. इथे एक आपल्या मातीशी जोडलेला धागा आहे. मालिकेच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौमध्ये जन्मलेले, कादंबरीकार अतिया हुसेन यांचे चिरंजीव. २३ नोव्हेंबर १९६३ ला पहिला भाग प्रसारित झाला तेव्हा ते २४ वर्षांचे होते आणि निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट २७ वर्षांच्या. पुढच्या वर्षी ‘मार्को पोलो’ या सात भागांच्या कथेतले सहा भाग हुसेन यांनी केले. ही कथा अनेक देशांत विकली गेली, तरी सातही भाग नाहीसे झाले. पण २००४ मध्ये खुद्द हुसेन यांच्या संग्रहात त्यांच्या सहा भागांचे क्युराने काढलेले फोटो सापडले. चालतेबोलते काम गेले, मालकाच्या कपाटात त्याची स्थिरचित्रे राहिली.

रंगाचीही एक गंमत सांगायला हवी. सत्तरच्या दशकातल्या काही रंगीत भागांच्या टेप पुसल्या गेल्या आणि फक्त कृष्णधवल फिल्म उरली. पण फिल्म काढताना पडद्यावरच्या रंगसंकेताचे बारीक ठिपके चित्रात उतरले होते. एरवी तो दोषच. तंत्रज्ञांनी संगणकाच्या मदतीने त्या ठिपक्यांतून मूळ रंग वाचून काढले. ‘द माइंड ऑफ ईव्हिल’ या कथेच्या सहापैकी पाच भागांना रंग असा परत मिळाला. पहिल्या भागाच्या फिल्मवर ठिपके नव्हते, म्हणून तो नव्याने रंगवावा लागला.

या सगळ्यातून मी एकच निष्कर्ष काढतो. पुढे काय मोलाचे ठरेल हे आज कळत नाही, आणि ज्याच्या हाती सगळ्या प्रती एकवटतात त्याच्याच हिशेबावर सगळे अवलंबून राहते. वस्तू वाचते ती प्रती विखुरल्यामुळे. कोठारात, तळघरात, पोराच्या टेपरेकॉर्डरमध्ये. नीटनेटकेपणा ही जपणुकीची हमी नव्हे.

दुसऱ्यांना दोष देण्याआधी मला एक गोष्ट आठवते. आमच्या घरी एका कॅसेटवर आत्याच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. शाळेत असताना मी त्यावर क्रिकेटचे समालोचन भरून घेतले. नवी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते आणि आत्या तर घरातच होती, केव्हाही गायली असती. माझे कारणही तेव्हा अगदी पटण्यासारखे होते. दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती.

१९६६ च्या त्या भागाचा आवाज मात्र आहे, आणि तो चेहरा बदलण्याचा प्रसंगही पाहता येतो. १९७३ मध्ये ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात त्याचा लहानसा तुकडा दाखवला होता. त्या कार्यक्रमाची टेप मात्र पुसली गेली नाही.