फॉरवर्ड आला? आधी ग्रंथालयाला विचारा : विद्यापीठाची ग्रंथालये आणि समाजमाध्यमे

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या छायाचित्रासह त्यांचे विचार येऊ लागतात. त्यांतले बरेच खरोखर बाबासाहेबांचे असतात. काही मात्र कोणीतरी स्वतःच्या मनाने लिहून खाली त्यांचे नाव टाकलेले असते. कोणता ग्रंथ, कोणते भाषण, कोणते पान, काहीच पत्ता नसतो. आपणही विचारत नाही. आवडले की पुढे पाठवतो. उद्या समोरच्याने "हे कुठे लिहिले आहे ते दाखवा" म्हटले, तर कार्यकर्त्याला उत्तर देता येत नाही. मग आपण सांगत असलेल्या खऱ्या गोष्टींवरही लोक शंका घेऊ लागतात.

भगवान बुद्धांनी कालामांना नेमके हेच सांगितले होते. केवळ कानावर आले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून स्वीकारू नका, तपासा. आजच्या काळात ही तपासणी करायची कुठे? आमच्या मते त्याचे पहिले ठिकाण विद्यापीठाचे आणि महाविद्यालयाचे ग्रंथालय आहे. पण ते ग्रंथालय विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले पाहिजे. विद्यार्थी दिवसातला बराच वेळ ज्या व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, यूट्यूबवर असतो, तिथेच त्याला ते भेटले पाहिजे.

भिवंडीपासून कालिना किती लांब?

भिवंडीतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. कालिना येथील विद्यानगरी परिसरात त्याचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. भिवंडीच्या मुलामुलींनी तिथे जायचे म्हणजे बसने किंवा रिक्षाने ठाणे किंवा कल्याण गाठायचे, तिथून लोकलने कुर्ला आणि पुढे कालिना. भिवंडी रोड स्थानक दिवा-वसई मार्गावर असल्याने थेट मुंबईची सोय नाही. जाण्यायेण्यात दिवस जातो आणि एक दिवसाची मजुरीही बुडते.

कारण आपली अनेक मुले शिकता शिकता काम करतात. कोणी गोदामात पाळीवर आहे, कोणी यंत्रमागावर, कोणी घरोघर पार्सल पोहोचवतो. अनेकजण मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून पदवी घेतात. पूर्वी आयडॉल या नावाने ओळखले जाणारे हे शिक्षण १९७१ पासून सुरू आहे. ग्रंथालय उघडे असते तेव्हा हे विद्यार्थी कामावर असतात. ते घरी येतात तेव्हा ग्रंथालयाला कुलूप असते. मोबाईल मात्र खिशात असतो.

डॉ. एस. आर. रंगनाथन हे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचवा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. तेव्हा ना फेसबुक होते ना व्हॉट्सॲप. पण समाजमाध्यम ग्रंथालयाने कशासाठी वापरावे, याचे उत्तर या पाच वाक्यांत आहे.

कोणते माध्यम कोणत्या कामाला?

काही ग्रंथालयांची फेसबुक पाने आपण पाहतो. त्यांवर पाहुण्यांचे सत्कार, हारतुरे आणि उद्घाटनाचे फोटो असतात. त्यातून विद्यार्थ्याला काय मिळते? आमची कसोटी साधी आहे. ग्रंथालयाने टाकलेल्या प्रत्येक पोस्टमधून वाचकाला एखादा ग्रंथ, लेख किंवा उत्तर मिळाले पाहिजे.

व्हॉट्सॲप चॅनेल हे सूचनांसाठी चांगले. नवी पुस्तके, परीक्षेच्या काळातील वाचनकक्षाच्या वेळा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख त्यावर देता येते. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये आली. ग्रुपमध्ये सर्वांचे नंबर सर्वांना दिसतात. चॅनेलवर इतर सदस्यांना तुमचा नंबर दिसत नाही. आपल्या मुली ग्रुपमध्ये यायला का कचरतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

प्रश्नोत्तरांसाठी ग्रंथालयाचा स्वतंत्र व्हॉट्सॲप क्रमांक असावा. तो ग्रंथपालाचा खाजगी नंबर नसावा. म्हणजे कर्मचारी बदलला तरी सेवा बंद पडत नाही. उत्तर किती वेळात मिळेल हे तिथेच लिहून ठेवावे.

यूट्यूबवर दोन-तीन मिनिटांचे छोटे व्हिडिओ हवेत. शोधगंगा हे त्याचे चांगले उदाहरण. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभ्या केलेल्या या संग्रहात देशभरातील विद्यापीठांचे लाखो पीएचडी प्रबंध मोफत वाचता येतात. यंत्रमाग कामगारांवर प्रकल्प लिहिणाऱ्या भिवंडीच्या विद्यार्थ्याला तिथे आपल्या विषयाजवळचे संशोधन शोधता येते. आयआयटी खरगपूरने विकसित केलेली राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची सेवाही मोफत आहे. एन-लिस्ट योजनेत सहभागी असलेल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला घरबसल्या ई-पुस्तके आणि संशोधनपत्रिका वाचता येतात. त्यासाठी महाविद्यालयाकडून लॉगिन घ्यावे लागते. पण आपल्याला असे लॉगिन मिळू शकते हेच कितीतरी जणांना माहीत नसते! पैसे भरून घेतलेली सेवा पडून राहते. एक छोटा व्हिडिओ ही अडचण दूर करू शकतो.

इन्स्टाग्राम ओळख करून देण्यासाठी. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१८ मध्ये इन्स्टाग्राम स्टोरीवर गाजलेल्या कादंबऱ्या वाचायला दिल्या होत्या. आपल्याकडे आठवड्याला एक ग्रंथ, त्याचे मुखपृष्ठ, चार ओळींत विषय आणि तो कोणत्या कपाटात आहे, एवढे झाले तरी पुरे.

"हे बाबासाहेब कुठे म्हणाले?"

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. महाराष्ट्र शासन १९७९ पासून 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस' ही खंडमाला प्रकाशित करत आहे. तिचे खंड केंद्र शासनाच्या संकेतस्थळावरही मोफत उपलब्ध आहेत. विद्यार्थ्याने आलेला संदेश ग्रंथालयाच्या क्रमांकावर पाठवावा. ग्रंथपालांनी सूचीत शोधून खंड आणि पान कळवावे, आणि तेच उत्तर सर्वांसाठी पोस्टही करावे.

एक उदाहरण घेऊ. समजा संदेश आला की 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हे बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या सभेत केलेले भाषण आहे. ग्रंथालयाचे उत्तर असे येईल : भाषण लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिले होते. मंडळाला त्यातील मते पेलली नाहीत, परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते १९३६ मध्ये स्वतः छापून प्रसिद्ध केले. पाहा, खंड पहिला. आता विचार करा, चुकीच्या संदेशात केवळ एक सभा होती. खऱ्या माहितीत एक पूर्ण इतिहास आहे. सुधारकांनाही जे ऐकवले नाही, ते बाबासाहेबांनी लोकांपुढे ठेवले. तपासल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत, उलट अधिक समजतात.

इथे एक पथ्य पाळावे लागेल. शोधून सापडले नाही, तर "उपलब्ध खंडांत आढळले नाही" एवढेच लिहावे. "बाबासाहेब असे म्हणालेच नाहीत" असा निकाल देऊ नये. 'बहिष्कृत भारत' आणि 'जनता'चे अंक, मराठी भाषणे, पत्रे हेही पाहावे लागते. प्रामाणिक उत्तराची हीच पद्धत आहे आणि विद्यार्थ्यांनी ती शिकावी हा मोठा लाभ आहे.

माहिती देणारे आपणही

समाजमाध्यमात लोक उत्तर देऊ शकतात. ग्रंथालयाने त्याचाही उपयोग करावा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रे फ्लिकर या संकेतस्थळावर टाकली. सामान्य लोकांनी त्यांतील माणसे आणि ठिकाणे ओळखून सांगितली आणि ग्रंथालयाने तपासून आपल्या नोंदी सुधारल्या.

आपल्या वस्त्यांत काय काय पडून आहे याचा विचार करा. जुन्या जयंतीचे फोटो, धम्मदीक्षेच्या आठवणी, गायन पार्ट्यांच्या वह्या, सभांची हँडबिले. आजी-आजोबा गेले की फोटोतील माणसांची नावेही जातात. ग्रंथालयाने घरच्यांच्या परवानगीने त्यांचे स्कॅन करावे, "यात कोणाला ओळखता?" असे विचारावे आणि उत्तरांची नोंद ठेवावी. मूळ फोटो घरी परत द्यावा. भिवंडी तालुक्यातील लोनाडची बौद्ध लेणी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहेत? ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये लोनाडची नोंद आहे. ते पान आणि लेण्यांचे आजचे छायाचित्र शेजारी ठेवले, तर एका पोस्टमधून मुले लेण्यांपर्यंतही जातील आणि ग्रंथापर्यंतही.

भिवंडी मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगूही बोलते. त्यामुळे महत्त्वाच्या सूचना एकाच भाषेत देऊन चालणार नाही.

जपायच्या गोष्टी

प्रताधिकार पाळावा लागेल. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे प्रताधिकार राहतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनाची ही मुदत २०१६ अखेर संपली; मात्र त्यांच्या अनुवादांचे हक्क वेगळे असू शकतात. चालू क्रमिक पुस्तकाची पूर्ण पीडीएफ टेलिग्रामवर टाकणे हे ग्रंथालयाचे काम नव्हे. विद्यार्थ्याने कोणते पुस्तक नेले, काय विचारले, हे त्याच्या नावासह कधीही जाहीर होऊ नये. आणि मोबाईल नसलेल्या विद्यार्थ्यासाठी तीच सूचना फलकावर लागलीच पाहिजे.

आपण काय करायचे?

बाबासाहेबांनी राजगृह ग्रंथांसाठी बांधले. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते आपल्या मुलांना ग्रंथांपर्यंत जाता यावे म्हणून. त्या वाटेवरचे पुढचे काम आपल्याकडे आहे. ते फार अवघड नाही.

दहा-पंधरा विद्यार्थ्यांनी मिळून आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटावे आणि लेखी निवेदन द्यावे : प्रश्नांसाठी एक क्रमांक, सूचनांसाठी एक चॅनेल, एन-लिस्टचे लॉगिन आणि खंडांचा संच. ग्रंथपालांकडे आधीच कामाचा भार असतो, हे लक्षात ठेवून पोस्ट तयार करायला दोन स्वयंसेवकही द्यावेत. विहारातील अभ्यासिकांनी तो चॅनेल आपल्या मुलांपर्यंत पोहोचवावा. आणि आजपासून आपल्या प्रत्येक ग्रुपवर एक नियम करावा. बाबासाहेबांचा विचार पाठवायचा असेल, तर खाली खंड आणि पान लिहायचे. माहीत नसेल तर पुढे पाठवण्याआधी विचारायचे.

जय भीम!