कासवाच्या पिल्लाला ऊन लागतं

सांगली, सातारा, कराडच्या बाजारात रंगीत माशांच्या दुकानांत तळहातावर मावणारी हिरवीगार पिल्लं काचेच्या टाकीत पोहताना दिसतात. डोळ्यामागे तांबडी रेघ असते. पोरानं हट्ट धरला की प्लॅस्टिकच्या डब्यातून एखादं पिल्लू घरी येतं, आणि चिमूटभर दाणे टाकले की भागतं असं दुकानदार सांगतो. तेवढ्यानं भागत नाही.

हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. त्याचं नाव ‘रेड-इअर्ड स्लायडर’. अंड्यातून बाहेर येताना ते जेमतेम तीन सेंटिमीटरचं असतं, पण मादी वाढून पंचवीस सेंटिमीटरच्याही पुढे जाते. नीट जपलं तर वीस-तीस वर्षं जगतं. आज दुसरीत असलेलं पोर नोकरीला लागेल, तेव्हाही ते टाकीत असेल.

बहुतेक पिल्लं मात्र तेवढी जगत नाहीत आणि त्याचं मोठं कारण ऊन न मिळणं हे आहे. कासवाची पाठ म्हणजे वरून बसवलेलं झाकण नव्हे. बरगड्या आणि पाठीचा कणा पसरून, एकमेकांत जुळून ते हाड तयार झालेलं असतं. वाढत्या हाडाला कॅल्शियम लागतं, कॅल्शियम शरीरात मुरायला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडीत तयार व्हायला उन्हातले अतिनील ‘बी’ किरण लागतात. साधी काच नेमके हेच किरण अडवते. त्यामुळे खिडकीच्या आत ठेवलेल्या टाकीत उजेड आणि ऊब पोचते, पण कामाचं ऊन पोचत नाही. पाठ मऊ पडते, वाकडी होते. नुसत्या वाळवलेल्या झिंग्यांवर वाढवलेल्या पिल्लात ‘अ’ जीवनसत्त्वही कमी पडतं आणि डोळे सुजून मिटतात. घरच्यांना वाटतं, झोपलंय.

कासवाचं रक्त स्वतःहून गरम राहत नाही. साताऱ्यातल्या पौषातल्या थंडीत पाणी गार पडलं की पिल्लू खाणं सोडतं. पोटात गेलेलं पचतही नाही. उलट सांगलीच्या एप्रिलमध्ये गच्चीवरचा उथळ टब तासाभरात जीवघेणा तापतो. म्हणून पोहण्याइतकं खोल, स्वच्छ पाणी, अंग पूर्ण कोरडं करता येईल असा दगड किंवा फळी, सकाळचं थेट ऊन आणि शेजारी सावली हवीच. ऊन नसेल तर अतिनील ‘बी’ किरणांचा खास दिवा लागतो. लहानपणी त्याला मांसाहार जास्त लागतो, वय वाढेल तसा पाला वाढवायचा. घास ते पाण्यातच गिळतं.

पिल्लाला हात लावला की साबणानं हात धुवा आणि टाकी स्वयंपाकाच्या ओट्यावर धुऊ नका. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जीवाणू असू शकतात. मुलं पिल्लं तोंडात घालून आजारी पडू लागली, म्हणून अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे पाच वर्षांखालच्या मुलांना तरी त्यापासून लांबच ठेवावं.

मग कासव मोठं होतं, पाणी वास मारू लागतं आणि कुणीतरी सुचवतं, ‘कृष्णेत सोडून देऊ, पुण्य लागेल.’ हे मात्र कधीच करू नये. जगातल्या शंभर सर्वांत घातक उपऱ्या प्रजातींच्या यादीत याचं नाव आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. गुवाहाटीजवळच्या दीपोर बील तलावात २०१८ मध्ये ते सापडलं. आपल्या कृष्णा-भीमेच्या पट्ट्यात लीथचं मऊ पाठीचं कासव राहतं. १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यावरून त्याची शास्त्रीय नोंद झाली. ते फक्त दक्षिण भारतीय द्वीपकल्पात आढळतं आणि आज अतिसंकटग्रस्त आहे. खाणं, ऊन खाण्याच्या जागा आणि रोगराई या तिन्ही बाबतीत, स्लायडर नदीत सोडून, त्याच्या अडचणीत आपण नवी भर घालायची का?

शेतात, विहिरीत सापडलेलं देशी कासव तर घरी आणायचंच नाही, मग भरभराटीसाठी असो वा हौसेसाठी. लीथचं कासव, पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव आणि मागचे पाय झडपांखाली झाकून घेणारं कासव ही तिन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. जखमी कासव दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरात स्लायडर असेलच, तर त्याला ऊन द्या, मोठी टाकी द्या. जमत नसेल तर सांभाळू शकेल अशा माणसाच्या हाती द्या, नदीत सोडू नका. आणि अजून आणलं नसेल, तर आणू नका.