कपाच्या खाचेतली अक्षरं

"तुम्ही सिनेमा बघता, मी तो जुळवत बसते," असं ताई एकदा म्हणाली, म्हणून मी तिच्याबरोबर न्यू जर्सीतल्या तिच्या नेहमीच्या मल्टिप्लेक्समध्ये गेले. ताई माझी मावसबहीण. लहानपणीच तिचं ऐकू येणं गेलं. समोरच्याचं मराठी ती ओठांवरून वाचते. पण पाठमोऱ्या नटाचे ओठ कुठून वाचणार?

त्यासाठी संवाद अक्षरांत दाखवणारं यंत्र लागतं; काउंटरवरच्या मुलाने ते आतून आणलं. वर अक्षरांची छोटी पट्टी, मधे वाकणारी लांब मान आणि खाली खुर्चीच्या कप ठेवायच्या खाचेत बसणारा बुंधा. त्याने प्रेक्षागृहाचा क्रमांक लावला. ताईने तो पुन्हा तपासला, बॅटरीही बघितली. "अशी आठ आहेत यांच्याकडे," ती म्हणाली. अमेरिकी सरकारच्या २०१६ च्या नियमाप्रमाणे ८ ते १५ पडद्यांच्या चित्रपटगृहात निदान ८ यंत्रं हवीत, तीही चालू स्थितीत. पण त्या आठांतली धड किती, ते अंधारात बसल्यावरच कळतं.

जाहिराती आणि ट्रेलर मुकेच गेले. सिनेमा सुरू झाला आणि मी पडद्याऐवजी ताईकडेच बघत राहिले. तिची नजर हातभर अंतरावरच्या अक्षरांवरून दूरच्या चेहऱ्यांवर जायची, लगेच परत यायची. विनोदाची ओळ पट्टीवर आधीच पूर्ण उमटे. ताई हसायची आणि सभागृह तिच्यामागून. यंत्राची मान सैल होती, हळूहळू खाली झुकायची. ताईचा डावा हात ती सावरत सतत वर. तो हात अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मध्येच अक्षरं थांबली. ताई उठून बाहेर गेली. त्या मुलाने मनापासून माफी मागितली, दुसरं यंत्र दिलं, वर एक फुकट पास. तोवर गेलेले संवाद गेलेच.

२०२३ च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात असंच एक यंत्र बिघडलं, तेव्हा परीक्षक असलेली कर्णबधिर अभिनेत्री मार्ली मॅटलिन आणि तिचे सहपरीक्षक खेळ सोडून बाहेर पडले होते. ते योग्यच केलं त्यांनी. अक्षरं थेट पडद्यावर आली, तर प्रेक्षकाला हातात काहीच धरावं लागत नाही. हवाई राज्याने २०१५ मध्ये कायदा करून आठवड्यातून काही खेळ तसे दाखवणं बंधनकारक केलं.

इथेही तसा खेळ असतो का, हे निघताना ताईने विचारलं. असतो, मंगळवारी दुपारी. त्या वेळी ताई नोकरीवर असते. "शनिवारी संध्याकाळी का नाही?" तिने व्यवस्थापकाला तिथेच लिहून विचारलं.