हळदीचा कारखाना टाकायचाय, मग आधी एम.टेक. केमिकल करायचं का?

रिसोड तालुक्यातल्या एका काकांनी विचारलेला प्रश्न आज घेतो, कारण असे प्रश्न वाशिम जिल्ह्यात आता बऱ्याच घरांत आहेत. त्यांचं पोरगं बी.ई. केमिकल झालंय. हळदीतून कर्क्युमिन काढायचा कारखाना टाकायचा, असं त्याच्या डोक्यात आहे. सोबतच दोन वर्षं एम.टेक.ही करायचंय. काका म्हणाले, "वावर गहाण टाकून पैसा एकदाच उभा राहील सर. शिक्षणात घालू का कारखान्यात?"

मी बी.बी.ए. केलेला दुकानदार माणूस, रिॲक्टरची डिझाइन मला विचारू नका. पण पैसा कुठं अडकतो आणि कुठून सुटतो, ते सांगू शकतो.

आधी एक गैरसमज काढू. धंद्यासाठी सरकार मास्टर्स मागत नाही. पीएमईजीपीमध्ये उत्पादनाच्या धंद्याला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला ३५ टक्के अनुदान आहे. प्रकल्प १० लाखांच्या वरचा असेल तर शिक्षणाची अट किती, माहितीये? आठवी पास. त्यामुळे फिनाईल, भांड्यांचं लिक्विड, हँडवॉश असला धंदा करायचा असेल तर एम.टेक.चं नावच काढू नका. तिथं कस लागतो तो विक्रीचा, उधारी वसूल करण्याचा आणि पॅकिंगचा.

हळद दळून, पाकिटात भरून विकायची असली तरी तेच. मात्र ड्रायर घ्यायचा असेल तर एवढं गणित शिकून घ्या. शिजवलेल्या ओल्या हळदीच्या एका क्विंटलमधून साधारण ८० किलो पाणी उडवावं लागतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे ८० किलोला विजेच्या हिशेबात ५० युनिट, तेही काहीच वाया गेलं नाही असं धरून. आता कुणी साध्या हीटरचा ड्रायर दाखवून "२० युनिटमध्ये क्विंटल वाळवतो" म्हणाला, तर चहा घ्या आणि निघा. हीट पंपाची गोष्ट वेगळी, तो हवेतलीच उष्णता पुन्हा वापरतो. हे समजायला एम.टेक. लागत नाही, बारावीचं सायन्स पुरतं.

पण काकांच्या पोराला पावडर विकायची नाही, कर्क्युमिन काढायचंय. इथं खेळ बदलतो.

हळदीत कर्क्युमिन असतं साधारण २ ते ५ टक्के, जात आणि जमिनीप्रमाणे. म्हणजे १०० किलो पावडरीतून ३ किलो मिळालं तरी चांगलं म्हणायचं. ते काढायला पावडर सॉल्व्हंटमध्ये भिजवायची, अर्क गाळायचा, मग सॉल्व्हंट उडवून तो थंड करून परत मिळवायचा. या 'परत मिळवण्यात' सगळा नफा बसलाय. समजा एका बॅचला ५०० लिटर सॉल्व्हंट लागलं आणि त्यातलं ५ टक्के हवेत किंवा चोथ्यात गेलं. झाले २५ लिटर, दर बॅचला, आणि हातात माल किती? ३ किलो. त्या २५ लिटरची किंमत तुमच्या भागातल्या भावाने लावून बघा.

कॉलेजच्या लॅबमध्ये पोराने एक लिटरच्या काचेच्या फ्लास्कमध्ये हे करून दाखवलेलं असतं, आणि घरच्यांना वाटतं आता फक्त मोठं भांडं घ्यायचं बाकी आहे. तसं नसतं. घरातलंच उदाहरण घ्या. ५ लिटरच्या गंजात दूध तापवता तेव्हा ते भराभर तापतं, भराभर निवतं. त्याच आकाराचं ५०० लिटरचं भांडं केलं तर आत माल १०० पट मावतो, पण भांड्याची बाहेरची बाजू वाढते फक्त २१-२२ पट. उष्णता तर त्या बाजूनेच आत जाते आणि बाहेर पडते. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारी जागा साडेचार पटीहून जास्त कमी झाली. जे लॅबमध्ये वीस मिनिटांत निवलं, ते इथं तासन्‌तास गरम राहतं, आणि तेवढ्यात माल खराब होतो. यालाच ते लोक स्केल-अप म्हणतात. केमिस्ट्रीवाला रिॲक्शन शोधतो, तिच्यातून रोज एक टन माल सारखाच कसा निघेल ते केमिकल इंजिनिअर बघतो. बी.ई.ला याची ओळख होते. एम.टेक.ला, विशेषतः दुसऱ्या वर्षीच्या प्रोजेक्टमध्ये, एका प्रश्नावर वर्षभर डोकं लावायला मिळतं, तेही लाखोंच्या यंत्रांवर, दुसऱ्याच्या खर्चाने.

त्यात आगीचा प्रश्न आहेच. सोयाबीनचं तेल काढायला हेक्झेन वापरतात. ते ६९ अंशांच्या आसपास उकळतं, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीवर पसरून ठिणगीपर्यंत जाते. अशा ज्वलनशील सॉल्व्हंटचा साठा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की 'पेसो'चा परवाना लागतो. त्यांचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. घरामागच्या शेडमध्ये हा धंदा करू नका, हात जोडून सांगतो.

मास्टर्स करून धंद्यात उतरलेला माणूस बघायचा असेल तर केकी घरडा बघा. मुंबईच्या यूडीसीटीत शिकले. ही १९३३ साली सुरू झालेली संस्था आज आयसीटी नावाने ओळखली जाते. पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून मास्टर्स, ओक्लाहोमातून पीएचडी. परत येऊन यूडीसीटीत शिकवलं, आणि मग लहान प्रमाणावर स्वतःचं उत्पादन सुरू केलं. बाजारात परदेशी कंपन्यांचा महाग माल होता, तोच त्यांनी स्वतःच्या पद्धतीने स्वस्तात बनवला. गव्हातलं तण मारणारं आयसोप्रोट्युरॉन हे त्यातलं एक. त्यांची डिग्री कामाला आली, कारण त्यांचा धंदाच 'बनवायची पद्धत' हा होता.

आता काकांच्या प्रश्नाचं माझं उत्तर. वावर कशातच घालू नका, निदान आत्ता नाही.

पोराला गेट द्यायला लावा. गेटच्या गुणांवर एआयसीटीई मान्य संस्थेत प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये स्कॉलरशिप मिळते, जास्तीत जास्त २४ महिने. एकूण २ लाख ९७ हजार ६०० रुपये. फी आणि मेस त्यातून किती निघते, ते संस्थेवर आहे. गेट न देता खासगी कॉलेजात डोनेशन भरून एम.टेक. करायचं असेल तर मी सरळ नाही म्हणेन. तेवढ्या पैशात ड्रायर आणि चक्की येते.

मुंबईला आयसीटी आणि आयआयटी आहेत. आपल्याला जवळचं म्हणजे नागपूरचं एलआयटी. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी दान दिलेल्या संपत्तीतून १९४२ साली उभं राहिलं, आता ते विद्यापीठ झालंय. समृद्धीवर गाडी चढली की नागपूर काही लांब नाही. बी.एस्सी. केमिस्ट्रीवाल्यांनी मात्र लक्षात घ्या, एम.टेक. केमिकलला सहसा बी.ई. किंवा बी.टेक.च लागतं. प्रत्येक संस्थेची पात्रता तपासल्याशिवाय फॉर्म भरू नका.

आणखी एक. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. म्हणजे पोरगं आधी वर्षभर एखाद्या एक्स्ट्रॅक्शन प्लांटमध्ये शिफ्टला नोकरी करू शकतं. पगार कमी असला तरी चालेल. पंप कधी बंद पडतो, कामगार कुठं चुकतो, हे तिथंच कळतं. त्यानंतर एम.टेक.ला गेलं तर गाईडसमोर ते स्वतःचा प्रश्न घेऊन बसेल. "सर, वाशिमची हळद, हे सॉल्व्हंट, एवढं वाया जातंय, मला यावर काम करायचंय." असा विद्यार्थी कुठल्या गाईडला नको असेल?

फक्त प्रोजेक्ट सुरू करायच्या आधी संस्थेला लेखी विचारा, की त्यातून निघालेल्या पद्धतीचा हक्क कुणाचा. लॅब संस्थेची असते, त्यामुळे पेटंटवर बऱ्याचदा संस्थेचं नाव लागतं, आणि पुढे तीच पद्धत वापरायला लायसन्स घ्यावं लागू शकतं. दोन वर्षांनी भांडण्यापेक्षा पहिल्या महिन्यात विचारलेलं बरं.

गेटचे फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. केमिकलच्या पेपरचा कोड सीएच. राखीव गटातून भरणार असाल तर जातीचे दाखले आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी सेतू केंद्रावर रांग असते.