पदपथातला किल्ला

शिकागोत मिशिगन ॲव्हेन्यू आणि वॅकर ड्राइव्ह जिथे मिळतात, तिथल्या पदपथात पितळी पट्ट्या बसवलेल्या आहेत. एकेकाळचा फोर्ट डिअरबॉर्न कुठे होता, ते या पट्ट्या दाखवतात. आपल्याकडे किल्ला म्हटला की निदान एखादा ढासळलेला बुरूज तरी डोळ्यांपुढे येतो. इथे तेवढाही नाही. अमेरिकी सैन्याने १८०३ मध्ये नदीमुखाशी बांधलेला हा लाकडी किल्ला १८१२ मध्ये जळाला, १८१६ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि सरहद्द पश्चिमेकडे सरकल्यावर १८५७ मध्ये पाडला गेला. किल्ला गेला, पण त्याचे स्मरण कसे करायचे हा वाद संपला नाही. माझ्या मते या स्मारकांतून १८१२ पेक्षा ती उभारणाऱ्यांचा काळच अधिक कळतो.

घडले ते थोडक्यात असे. ब्रिटनशी युद्ध पेटल्यावर अमेरिकी सैन्याचे जनरल हल यांनी किल्ला रिकामा करण्याचा हुकूम पाठवला. किल्ल्याचा प्रमुख कॅप्टन हील्डने जादा दारूगोळा आणि दारू नष्ट केली. हा साठा आपल्याला मिळेल अशी अपेक्षा असलेले या भागातले मूलवासी पोटावाटोमी त्यामुळे चिडले. १५ ऑगस्ट १८१२ रोजी सैनिक, बायका आणि मुले मिळून सुमारे शंभर जण बाहेर पडले. दीडेक मैलावर, सरोवराकाठी, पोटावाटोमी योद्ध्यांनी त्यांना गाठले. पाव तासात चकमक आटोपली. निम्म्याहून अधिक माणसे मारली गेली आणि त्यांत १२ मुले होती.

पुढे कित्येक पिढ्या या घटनेला ‘कत्तल’ हेच नाव राहिले. १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यांचे कारखानदार जॉर्ज पुलमन यांनी आपल्या घराजवळ तिचा ब्राँझचा शिल्पसमूह बसवला. त्यात ब्लॅक पार्ट्रिज हा पोटावाटोमी प्रमुख मार्गारेट हेल्म या गोऱ्या स्त्रीला वाचवतो आहे. म्हणजे भला ‘इंडियन’ कोण, तर आपल्यांतल्यांना वाचवणारा. बाकीचे हल्लेखोर, ते का चिडले, हे ब्राँझमध्ये येत नाही. त्याच वर्षी शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले होते, आणि सायमन पोकागन या पोटावाटोमी लेखकाची भूर्जपत्रावर छापलेली निषेध-पुस्तिका तिथे विकली जात होती. पुढे हे शिल्प इकडून तिकडे हलत राहिले आणि १९९० च्या दशकाअखेर ते गोदामात गेले. २००९ मध्ये घटना घडली त्या परिसरातल्या बागेला नाव मिळाले ते ‘लढाई’चे.

यावर आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. मुले मारली गेली, त्याला लढाई म्हणणे म्हणजे मृतांवर अन्याय नव्हे का? मुलांची हत्या ही हत्याच, याबद्दल दुमत नसावे. पण ‘कत्तल’ हा शब्द या एका सकाळपुरता वापरायचा आणि तिच्या आधी-नंतरचे सोडून द्यायचे, तर तो हिशेब अपुरा राहतो. नोव्हेंबर १८११ मध्ये अमेरिकी सैन्याने टिपिकानूजवळची मूलवासींची वस्ती जाळली होती. १८३३ च्या शिकागो करारात पोटावाटोमींनी सुमारे ५० लाख एकर जमीन गमावली आणि त्यांना मिसिसिपीपलीकडे जावे लागले. ‘लढाई’ म्हटल्याने कोणी निर्दोष ठरत नाही. दोन्हीकडे माणसे होती आणि त्यांना कारणे होती, एवढे मात्र मान्य होते. पितळी पट्ट्या बोलत नाहीत, ही त्यांची उणीव खरीच; पण त्या खोटेही सांगत नाहीत.

शिकागोच्या झेंड्यावर चार लाल तारे आहेत. १९३९ मध्ये वाढवलेला तारा या किल्ल्याचा. त्याची सहा टोके म्हणजे या भूमीवर एकामागून एक आलेल्या सहा राजवटी: फ्रान्स, ब्रिटन, व्हर्जिनिया, वायव्य प्रदेश, इंडियाना प्रदेश आणि इलिनॉय राज्य. पोटावाटोमींसाठी सातवे टोक नाही.