प्रोसेसरचा वेळ आणि घड्याळाचा वेळ

मार्चअखेरीस पौडला मामांच्या दुकानात गेलो, तेव्हा वातावरण तंग होते. हिशेबाचा संगणक कमालीचा मंदावला होता. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी टास्क मॅनेजर उघडून ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ या नावापुढील ९२ हा आकडा दाखवला, हाच सारा संगणक खातो आहे असे सांगितले आणि नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला. मामांचा संशय तरुण मुनीमजींवर गेला. त्यांनीच नको ते काही उतरवून घेतले असणार!

हिंजवडीतील, म्हणजे मुळशी तालुक्यातीलच, माझ्या नोकरीत हे आकडे रोज पाहावे लागतात. ‘आयडल’ म्हणजे रिकामा. ९२ टक्के याचा अर्थ प्रोसेसर तेवढा वेळ कामावाचून बसलेला आहे. तो कोणा घुसखोराचा आकडा नव्हे.

“अरे, मग दुकान का खोळंबले?” मामांचा प्रश्न रास्त होता.

टक्केवारी म्हणजे गल्ल्यावर टाकलेली ओझरती नजर. ती गेल्या सेकंदाभराचीच असते. खतावणी वेगळी. ‘डिटेल्स’ या पानावर स्तंभांच्या मथळ्यावर माउसची उजवी कळ दाबून ‘सीपीयू टाइम’ हा स्तंभ निवडावा. प्रोग्राम सुरू झाल्यापासून त्याने प्रोसेसरचा एकूण किती वेळ घेतला, हे तेथे तास, मिनिटे व सेकंदांत दिसते.

ही नोंद जुनीच आहे. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. अशा एका यंत्रावर अनेकांची कामे चालत, तेव्हा कोणी प्रोसेसर किती वापरला याचा हिशेब ठेवणे भागच असे. महासंगणकांवर आजही ‘कोअर-तास’ मोजले जातात.

कोअरमुळेच वाचणारा फसतो. मामांच्या संगणकात चार कोअर. एका कोअरवर गरगरत अडकलेला प्रोग्राम विंडोजमध्ये सुमारे २५ टक्केच दाखवील; आठ कोअर असतील तर जेमतेम १२-१३. म्हणजे लहान आकडा निर्दोषच असतो असे नाही. लिनक्सवरील ‘टॉप’ मात्र सहसा एका कोअरला १०० धरतो. तेथे ३०० दिसले तरी घाबरू नये. त्याच न्यायाने चार कोअर राबवणाऱ्या प्रोग्रामच्या खात्यावर घड्याळाच्या एका मिनिटात प्रोसेसरची चार मिनिटेही जमा होऊ शकतात.

आम्ही हिशेबाच्या प्रोग्रामचा सीपीयू टाइम कागदावर टिपला आणि वार्षिक गोषवारा काढायला लावला. घड्याळाची पाच मिनिटे गेली. प्रोसेसरच्या खात्यावर वाढले अवघे नऊ सेकंद. प्रोग्राम अडकून फिरत असता, तर तेथेही साधारण पाच मिनिटेच वाढली असती. उरलेला सारा वेळ तो कशाची तरी वाट पाहत होता. कशाची? ‘परफॉर्मन्स’ या पानावर डिस्कचा आकडा १०० वर खिळलेला होता. जुनी फिरती हार्ड डिस्क थकली होती. प्रोसेसर मागेल ती नोंद तिला वेळेवर देता येत नव्हती.

प्रथम सर्व वह्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, मगच जुनीच्या जागी एसएसडी बसवली. नव्या संगणकाच्या तुलनेत खर्च किरकोळ झाला. तोच गोषवारा आता अर्ध्या मिनिटाच्या आत निघाला.

मामांनी मुनीमजींना बोलावले आणि गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, “तुमच्यावर उगीच संशय घेतला.” मुनीमजी हसले व उरलेली बिले भरू लागले.